दर अर्ध्या तासाला चहा

पबमध्ये काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. एप्रनच्या खिशात ऑर्डरच्या चिठ्ठ्या, पेनांची टोपणं आणि रबरबँड जसे आपोआप साचतात, तसेच किस्से साचतात. शिफ्ट संपल्यावर खिसा उलटा करायचा, इतकंच. फक्त माझे किस्से दारू प्यायलेल्यांचे नाहीत. माझी ड्यूटी सकाळची, आणि मागच्या खोलीतली. तिथली माणसं कॉफीवर असतात, पूर्ण शुद्धीत असतात. म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटायची.

ती खोली पोकीजची. पोकीज म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायची जुगाराची मशिनं. आमच्याकडे अठरा होती. मी ख्राइस्टचर्चला शिकायला गेले आणि हॉर्नबीत, कारखान्यांच्या कडेच्या एका पबमध्ये मला पार्टटाइम काम मिळालं. पुण्याला आईला सांगितलं, "हॉटेलात रिसेप्शनला आहे." तिने ते अख्ख्या सोसायटीला सांगितलं.

पहिल्या दिवशी जे खटकलं ते अगदी बारीक होतं. सकाळी दहाला दार उघडलं. सत्तरीच्या मार्गरेटबाई आत आल्या, पायातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून स्टुलाखाली जोडीने नीट ठेवल्या, कोपऱ्यातल्या मशिनसमोर बसल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, डार्लिंग! झोप लागली का?"

मी मागून म्हटलं, "हो, छान लागली. थँक यू!"

बाई दचकून वळल्या. "अरे देवा! तूही आहेस का इथे?"

मी बारमागे पळाले. तिथे टामा ग्लास पुसत होता. टामा आमचा बारमन, दारात मावणार नाही एवढा आणि आवाज मात्र मांजरासारखा. मी त्याला म्हटलं, "त्या मशिनशी बोलतायत!"

"किया ओरा, आणि वेलकम," तो माओरीत नमस्कार करत म्हणाला. "घाबरू नकोस. मशिन अजून उत्तर देत नाही. ज्या दिवशी देईल, त्या दिवशी मला हाक मार."

*

जुगाराचा नवा कायदा येऊन फार दिवस झाले नव्हते. कायदा म्हणत होता, खोलीवर लक्ष ठेवणारं एक तरी ट्रेनिंग घेतलेलं माणूस ड्यूटीवर हवं. आमची मॅनेजर शेरिल. तीस वर्षं पब चालवून चालवून तिचे डोळे कायमचे अर्धे मिटलेले. तिने मला ट्रेनिंगला पाठवलं. "तू कॉलेजात शिकलेली आहेस. आणि तू सगळ्यालाच घाबरतेस. या कामाला असंच माणूस हवं."

अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं, की माणूस फार वेळ खेळत असेल, अस्वस्थ दिसत असेल, तर जवळ जायचं. आवाज मऊ ठेवायचा. विचारायचं, "बराच वेळ झाला तुम्ही इथे आहात. सगळं ठीक आहे ना?" आणि हेल्पलाइनचं कार्ड द्यायचं.

मी ते वाक्य बसस्टॉपवर, शॉवरमध्ये, सगळीकडे पाठ केलं. दुसऱ्याच दिवशी बघते तर एक माणूस मशिनपुढे वाकून बसलेला. तासभर झाला, दोन तास झाले. मान खाली, मधूनच शिवी. मी जवळ गेले.

"बराच वेळ झाला तुम्ही इथे आहात. सगळं ठीक आहे ना?"

त्याने वर पाहिलं. हातात स्क्रूड्रायव्हर होता. मशिन दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक!

मी सॉरी सॉरी म्हणत कार्ड मागे घ्यायला लागले, तर त्याने ते घेतलं आणि टूलबॉक्सच्या झाकणात खोचलं. "राहू दे. डिव्होर्सच्या आधी कुणी विचारलं असतं, तर बरं झालं असतं."

*

मशिनही विचारायचं, बरं का. दर अर्ध्या तासाने चित्रं थांबायची आणि पडद्यावर चौकट यायची: तुम्ही इतका वेळ खेळत आहात, पुढे खेळायचं आहे का? लोकांनी भानावर यावं म्हणून सरकारने केलेली सोय.

मार्गरेटबाई प्रत्येक वेळी त्या चौकटीला म्हणायच्या, "हो गं बाळा," आणि बटण दाबायच्या.

एकदा मी धीर करून म्हटलं, "ती चौकट तुम्ही थांबावं म्हणून असते."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण दर अर्ध्या तासाने माझी चौकशी करणारं दुसरं कोण आहे?"

यावर ट्रेनिंगमध्ये काही शिकवलं नव्हतं.

*

आता फायलीचा किस्सा. ती फाइल समजली की पुढचं सगळं समजेल.

आपल्याला आवरत नाही असं ज्याला वाटतं, तो स्वतःच येऊन सांगू शकतो, "मला बंदी घाला." फॉर्म भरायचा, फोटो काढायचा, सही करायची. मग दोन वर्षांपर्यंत त्याने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि टाकलंच तर आम्ही बाहेर काढायचं. फोटो बारमागच्या काळ्या फायलीत. मी रोज सकाळी ते चेहरे परीक्षेला बसल्यासारखे पाठ करायचे. त्या काळात ही बंदी ज्या पबमध्ये मागितली तेवढ्यापुरतीच असायची. शेजारच्या पबला त्याचा पत्ताच नसे. तिथे पुन्हा स्वतः जायचं, पुन्हा फॉर्म, पुन्हा फोटो.

फायलीत एक ब्रायन होता. बंदी फक्त खोलीपुरती असल्यामुळे तो बारमध्ये कॉफीला यायचा. बारचा गालिचा हिरवा, खोलीचा लाल. ब्रायन बरोब्बर हिरव्याच्या शेवटच्या धाग्यावर बुटांची टोकं लावून उभा राहायचा आणि कमरेतून आत वाकून ओरडायचा, "मार्गरेट! काय लागलं?"

मी धावत शेरिलकडे गेले. "त्याचं डोकं आत आहे!"

शेरिलने नुसती मान वळवून पाहिलं. "पाय कुठे आहेत?"

"बाहेर."

"कायदा पावलांबद्दल आहे, लव्ह. मानेबद्दल काही लिहिलेलं नाही."

तरी मी फॉर्म उघडून पुन्हा वाचला. खरंच नव्हतं.

*

इन्स्पेक्टरला मी भुताला घाबरावं तशी घाबरायचे. न सांगता येतो म्हणे, गिऱ्हाईक बनून बसतो म्हणे. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट दिसला की मी फाइल हाताशी घ्यायचे. एकदा टाय लावलेल्या एका गृहस्थाला मी न विचारता फाइल, कार्डं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चिप्सचे किती बॉक्स लागतील?"

खरा इन्स्पेक्टर आला तो शॉर्ट्स आणि गमबूट घालून. दीड तास लेमोनेड पीत बसला. मग ओळखपत्र दाखवून म्हणाला, "मदतीची माहितीपत्रकं कुठे आहेत? समोर दिसतील अशी हवीत."

माहितीपत्रकं! मी टामाकडे पाहिलं. टामाने छताकडे पाहिलं. इन्स्पेक्टरने स्वतःचं टेबल हलवून पाहिलं, ते जराही डगमगलं नाही. तो खाली वाकला. आखूड पायाखाली पंधरा-वीस पत्रकांची घडी!

"हं," तो वर येत म्हणाला. "आतापर्यंत पाहिलेलं हे सगळ्यात जबाबदार टेबल."

पत्रकं काढली, वर लावली. टेबल पुन्हा डगमगायला लागलं. तंबी मिळाली ती मिळालीच.

*

इथपर्यंत सगळं सांगून हसता येतं. दामले काकांपाशी आलं की मी अडखळते.

न्यूझीलंडला उतरले तेव्हा मला एअरपोर्टवर घ्यायला दामले काका-काकू आले होते. आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतले. काका पुण्याचेच, इंजिनियर. काकू हॉर्नबीच्या मॉलमध्ये कापडाच्या दुकानात. पहिले पंधरा दिवस मी त्यांच्या घरी राहिले. नंतर खोली घेतली तरी काकू दर मंगळवारी कामावर जाताना माझ्या दारात डबा ठेवून जायच्या. "यांचा करतेच, त्यात तुझ्या दोन पोळ्या जास्त."

एका मंगळवारी अकराच्या सुमारास मी खोलीत गेले आणि खिडकीकडच्या मशिनसमोर ओळखीची पाठ दिसली. ऑफिसचा निळा शर्ट, मानेवर ती उभी शीर. माझ्या हातातला ट्रे खाली पडला. पाठ वळली.

"अगं, सायली! तू इथे?"

"काका, तुम्ही?"

"टॉयलेटला आलो होतो गं. जाता जाता."

"मीसुद्धा... म्हणजे मी इथे रिसेप्शनला आहे."

दोघांनी एकमेकांचं खोटं ऐकून घेतलं. वयाने मोठे, म्हणून तडजोड आधी त्यांनीच काढली. "आईला काही कळवू नका म्हणशील, तर नाही कळवणार. पण मग तूही काकूला..."

ते पुन्हा मशिनकडे वळले. बाराला त्यांनी डबा उघडला. मीही बारमागे माझा उघडला. दोन्हीत बटाट्याची तीच भाजी, मोहरीसकट. डबा संपता संपता त्यांनीच सांगितलं, ऑफिसने त्यांना तीन महिन्यांपूर्वी काढलं होतं. काकूला वाटत होतं, ते रोज ऑफिसला जातात.

*

तर ड्यूटी काय सांगते? जवळ जा, विचारा.

मी गेले. मऊ आवाज तयार होता. पण इंग्रजीतलं ते वाक्य दामले काकांपुढे म्हणायचं म्हणजे मी सरकारी माणूस झाले. आणि मराठीत म्हणायला गेले, तर 'जुगार' हा शब्दच म्हणवेना. ज्यांच्या घरी पंधरा दिवस जेवले, दिवाळीला ज्यांना वाकून नमस्कार केला, त्यांना कसं विचारू, "काका, तुमचा जुगार जास्त होतोय का?" तोंडातून जे बाहेर पडलं ते असं:

"काका, चहा घेणार?"

"घेईन की."

मला वाटलं, सुरुवात तर झाली. अर्ध्या तासाने चौकट आली, तशी मीही गेले. "काका, चहा?" पुन्हा अर्ध्या तासाने. आलं घालून. बिस्किटं ठेवून. दर वेळी ठरवायचे की आता विचारायचंच. काका दर वेळी म्हणायचे, "किती करतेस गं पोरी!" असे तीन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी शेरिलने मला बाजूला घेतलं.

"तो तुझा अंकल. पूर्वी तासभर बसायचा. आता चार तास बसतो."

"मी दर अर्ध्या तासाला त्यांच्याकडे जातेय!"

"तेच सांगतेय. खेळणाऱ्याने बसून राहावं म्हणून काही फुकट देऊ नये, हे तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल. या गावात आल्याचा चहा फक्त आपल्याच पोकीजमध्ये मिळतो, लव्ह. आणि एवढं कौतुक तर कुठेच मिळत नाही."

मी फ्रीजरमागे जाऊन रडले. टामाने एक टिश्यू दिला, मग एक, मग अख्खा बॉक्स दिला आणि म्हणाला, "मी विचारू का त्यांना?"

"नको! ते वयाने मोठे आहेत."

"माझ्याहूनही मोठे आहेत," टामा म्हणाला. "माझ्या घरीसुद्धा मोठ्यांना विचारत नाहीत. म्हणून तर माझ्या अंकलला कुणी विचारलंच नाही." मग तो ग्लास पुसायला गेला. त्या अंकलचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

*

त्याच आठवड्यात मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. संक्रांत म्हणजे इकडे भर उन्हाळा, तिळाच्या वड्या कागदाला चिकटलेल्या. जेवणानंतर हाउझी! सेक्रेटरी वहिनींनी मला माइकवर विचारलं, "सायली, तू त्या लाइनमध्ये आहेस ना? आपल्या हाउझीला लायसन्स लागतं का गं?"

"त्या लाइनमध्ये" म्हणजे कोणत्या? रिसेप्शनच्या? सगळे हसले. मी खिडकीकडे पाहिलं. दामले काका कधीच बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले होते, उन्हात, हॉलकडे पाठ करून. आकडे पुकारायला लागले तसे आणखी लांब गेले.

"काकांना बोलवा ना!" कुणीतरी म्हणालं.

"नको गं," काकू कौतुकाने म्हणाल्या. "ह्यांना असलं मुळीच आवडत नाही. घरात पत्तेसुद्धा खेळू देत नाहीत!"

त्या दिवशी मला पहिली लाइन लागली. मी ओरडलेच नाही.

*

पुढच्या मंगळवारी मी चहा नेला नाही. नुसतीच गेले, शेजारच्या स्टुलावर बसले. 

"चहा नाही आज?"

"नाही काका."

मशिन वाजत होतं. चौकट आली. पुढे खेळायचं आहे का? मी म्हटलं, "काका, उत्तर द्या ना."

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "तुमच्याकडे ती फाइल असते म्हणे."

फोटो मीच काढला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, खिशातला कंगवा काढून भांग पाडला. "हसू का?"

"जसं वाटेल तसं."

"याआधी असा फोटो लग्न जमवताना काढला होता," ते म्हणाले. आणि फोटोत हसू आलंच.

सही करताना त्यांनी पेन मध्येच थांबवलं. "हे एका ठिकाणचं झालं. मी पाच ठिकाणी जातो."

म्हणून गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या खटारा गाडीतून आम्ही पाच जागांपैकी उरलेल्या चारांच्या दौऱ्यावर निघालो. काकूंनी सकाळी दिलेला डबा मागच्या सीटवर. मांडीवर फोटोंच्या प्रती. प्रत्येक पबमध्ये आत जायचं, मॅनेजरला बोलवायचं, नमस्कार-चमत्कार, फॉर्म, सही. पहिल्या ठिकाणी मॅनेजर म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे इकडचं 'झकास'. दुसऱ्या ठिकाणी खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं.

गाडीत परत बसताना काका म्हणाले, "लग्नाच्या पत्रिका वाटत फिरल्यासारखं वाटतंय. फक्त आग्रह उलटा. कृपया मला येऊ देऊ नये."

मला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली. ते म्हणाले, "हस गं. मीही किती दिवसांनी हसलो."

तिसरं झालं. डबा खाऊ या म्हटलं, तर म्हणाले, "सगळं झाल्यावर." चौथ्याचं नाव घेईनात. मी हॉर्नबीच्या मुख्य रस्त्याला गाडी घातली तशी त्यांनी सांगितलं. मॉलच्या समोरचा. कापडाच्या दुकानाच्या अगदी समोरचा.

"तिथे मी सगळ्यात जास्त बसायचो," ते म्हणाले. "काचेतून ती कापड मोजताना दिसायची."

मी विचारलं, "काकूंना सांगितलं का?"

"आज संध्याकाळी सांगणार आहे." मंगळवारी सही करतानाही ते हेच म्हणाले होते.

मी पबच्या दारासमोर गाडी लावली. "तू थांब," ते म्हणाले. "इथे मी एकटा जातो." फोटो घेतला, भांग पाडला आणि आत गेले.

पाच मिनिटं झाली. फॉर्मला आधी दहा लागली होती, म्हणून मी दहा थांबले. पंधरा झाली. ट्रेनिंग घेतलेली बाई मी! मीच त्यांना एकटं सोडलं, तेही त्यांच्या सगळ्यात लाडक्या खोलीत, खिशात पाकीट असताना. वीस मिनिटं. आता आत जावं? गेले आणि ते मशिनपुढे पाठ करून बसलेले दिसले तर? मी दारापर्यंत गेले. आतून तो चित्रं फिरल्याचा आवाज आला. मी परत गाडीत येऊन बसले.

अर्धा तास. आता चौकट आली असेल.

मोबाइल लावला. वाजत राहिला. पबचा नंबर पाटीवरून बघून लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा काकांचा लावला. वाजला, वाजला, बंद झाला. मला टामाला फोन करावासा वाटला, शेरिलला करावासा वाटला, पुण्याला आईला फोन करून सगळं खरं सांगावंसं वाटलं.  शेवटचा म्हणून काकांचा पुन्हा लावला. सहा रिंग, सात.

उचलला.

"काका! काका, तुम्ही कुठे आहात? बाहेर या ना!"

"सायली, मी बोलतेय," पलीकडून काकू म्हणाल्या. आवाज बसलेला होता, पण स्थिर. मागे तोच चित्रं फिरल्याचा आवाज. "हे मागच्या दाराने दुकानात आले, सगळं सांगितलं, मला इथे घेऊन आले. आणि ह्यांनी आणलेला फोटो इथल्या माणसाला चालत नाहीये. म्हणतो, हसरा नको. दुसरा काढायचाय, आणि मला काही त्याचा कॅमेरा जमत नाही. तू आत ये. आणि येताना मागच्या सीटवरचा डबा घेऊन ये. सकाळपासून जेवले नाहीयेत."